स्टेनलेस स्टीलवरील ओरखडे आणि पृष्ठभागाचे नूतनीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंपाकघरातले सिंक, भांडी, ट्रॉली, जिन्याचे कठडे आणि लिफ्टमधील पत्रे यांच्यावरील ओरखड्यांविषयी जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. घरी हाताने करता येण्याजोगे काम कोणते आणि कारागिराकडेच सोपवावे असे कोणते, हे प्रत्येक ठिकाणी सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

ओरखडा काढला म्हणजे नेमके काय होते?

ओरखडा काढला जात नाही आणि भरलाही जात नाही. लाकडावरची खाच लांबी (पुट्टी) भरून बुजवता येते. स्टीलमध्ये तशी सोय नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा धातू इतका घासायचा की त्याची पातळी ओरखड्याच्या तळापर्यंत उतरावी, आणि मग त्या घासलेल्या भागाला मूळच्यासारखा पोत द्यायचा, एवढेच आपल्या हाती असते. त्यामुळे खोल ओरखडा घालवण्यासाठी बराच धातू गमवावा लागतो. घरगुती सिंकचा पत्रा बहुधा ०.८ ते १.२ मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे हा व्यवहार किती परवडतो, याचा विचार घासायचा पेपर (सँडपेपर) हातात घेण्याआधीच करावा. पुष्कळदा ओरखडा पूर्ण घालवण्यापेक्षा तो नजरेत न भरेल इतका मंद करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

आपल्या वस्तूचे फिनिश कोणते आहे, हे कसे ओळखावे?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला मॅट, म्हणजे एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक आखूड रेघांचा. व्यापारात याला चार नंबरचे फिनिश म्हणतात आणि बहुतेक सिंक व उपाहारगृहांतील टेबले या प्रकारची असतात. दुसरा हेअरलाइन, ज्यात रेघा न तुटता लांबवर जातात. लिफ्टचे दरवाजे आणि इमारतींच्या प्रवेशद्वारांवरील पत्रे पाहिल्यास हा फरक लगेच कळेल. तिसरा आरशासारखा चकचकीत, ज्याला आठ नंबर किंवा नुसते मिरर म्हणतात. ताटे, वाट्या, तांबे यांची बाहेरची बाजू बफिंग केलेली, म्हणजे बफ या फिरत्या मऊ चाकावर घासून चकाकवलेली असते. ती आठ नंबरइतकी निर्दोष नसली तरी त्याच कुळातली आहे.

खोलीतील दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला, तर रेघांची दिशा आणि लांबी स्पष्ट दिसते. ही दिशा ओळखण्याआधी पृष्ठभागाला काहीही लावू नये. आमच्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या कामांपैकी बहुतेकांत मूळचा ओरखडा लहानच असतो. मोठे नुकसान त्यावर गोल गोल फिरवलेल्या घासणीने झालेले असते.

फ्रिजच्या दरवाजावरील ओरखडे याच पद्धतीने काढता येतात का?

बहुतेक वेळा नाही. स्टीलसारखे दिसणारे अनेक दरवाजे प्रत्यक्षात रंगीत लेप दिलेल्या किंवा प्लास्टिकची फिल्म चिकटवलेल्या साध्या पत्र्याचे असतात, आणि जे खरोखर स्टेनलेस स्टीलचे असतात त्यांतल्या पुष्कळांवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून पारदर्शक थर दिलेला असतो. अशा पृष्ठभागावर पेपर फिरवल्यास तो थर निघतो आणि तेथे कायमचा फिकट डाग राहतो. प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतःच्याच घरातील फ्रिजवर केलेली असून, त्या जागी गेली काही वर्षे चुंबकावर चिकटवलेले दूधवाल्याचे कार्ड आहे. थर आहे की नाही याची खात्री होत नसेल, तर ओले मऊ कापड आणि भांडी घासण्याचा सौम्य साबण यापलीकडे जाऊ नये.

ओरखडा किती खोल आहे हे कसे ठरवावे?

नखाने. ओरखड्यावरून नख आडवे फिरवताना ते अडकत नसेल, तर काम हाताने होईल. किंचित अडखळत असेल, तर भरड पेपरपर्यंत जाऊन दोन-तीन टप्पे घ्यावे लागतील. नख स्पष्टपणे अडकून थांबत असेल, तर घरी हात न घालता कारागिराला दाखवावे. पोचा हा निराळा प्रकार आहे; तेथे पत्रा वाकलेला असतो आणि घासून तो सरळ होत नाही.

मॅट सिंकवरील ओरखडे घरी कसे काढावेत?

प्रथम सिंक साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावे. वाळूचा एखादा कण राहिला असेल, तर तो पेपरखाली फिरून नवे ओरखडे पाडतो. मग टॉर्चच्या प्रकाशात रेघांची दिशा पाहावी. बहुधा तळाशी ती लांबीच्या बाजूने आणि भिंतींवर आडवी असते, पण हे गृहीत धरू नये.

पहिला प्रयत्न नेहमी सर्वांत सौम्य साधनाने करावा. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी ओली करून, थोडा साबण घेऊन, फक्त रेघांच्या दिशेने फिरवावी. वरवरचे ओरखडे, म्हणजे कढई किंवा कुकर सरकवल्याने पडलेले, एवढ्यानेही पुष्कळ मंदावतात. तेवढ्याने भागले नाही, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर घ्यावा. ४०० नंबरने सुरुवात करून पाहावे, ओरखडा हलत नसेल तरच ३२० आणि शेवटी २२० कडे यावे. नंबर जितका लहान, तितका पेपर भरड. पेपर बोटांत धरून न घासता लाकडाच्या सपाट ठोकळ्याला किंवा जाड रबराच्या तुकड्याला गुंडाळावा, कारण बोटांचा दाब एकसारखा पडत नाही आणि पृष्ठभागावर बोटांच्या आकाराच्या खोलगट पट्ट्या उमटतात. कोपऱ्याच्या गोलाईवर मात्र ठोकळा चालत नाही. तेथे फोमचा तुकडा वापरावा.

हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने, सारख्या दाबाने न्यावा आणि शेवटी उचलून परत सुरुवातीला आणावा. पुढेमागे घासल्यास जिथे हात वळतो तिथे अर्धवर्तुळाकार खुणा पडतात, आणि त्या घालवणे मूळ ओरखड्यापेक्षा कठीण असते. ओरखडा चार बोटे लांबीचा असला, तरी घासण्याचा पट्टा सिंकच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न्यावा. तेवढीच जागा घासली तर ओरखडा जातो आणि त्याच्या जागी एक फिकट ठिपका राहतो, जो खिडकीतून ऊन आले की नेमका डोळ्यात भरतो. पेपर सतत ओला ठेवावा आणि दर काही मिनिटांनी पाण्याने धुऊन, पुसून, दुरून पाहावे.

ओरखडा दिसेनासा झाल्यावर शेवटचे काही हात मूळ रेघांशी जुळेल अशा पेपरने मारावेत. कारखान्यातील चार नंबरचे फिनिश साधारणपणे १२० ते १८० नंबरच्या पट्ट्याने यंत्रावर केलेले असते. वापरून वापरून सिंकच्या रेघा मऊ झालेल्या असल्याने हाताने करताना २२० ते ३२० च्या दरम्यानचा पेपर बहुधा जुळतो. हे सगळे आधी न दिसणाऱ्या जागी, म्हणजे नळामागच्या पट्टीवर किंवा ट्रॉलीच्या आतल्या बाजूस, करून पाहावे.

आरशासारख्या पृष्ठभागावर काय करावे?

येथे हाताचे काम फारसे चालत नाही. मॅट पृष्ठभागावर नवी रेघ जुन्या रेघांत मिसळून लपते; आरशावर लपायला जागाच नसते. कारागीर अशा ठिकाणी ४००, ६००, ८००, १००० असे टप्पे घेतात आणि प्रत्येक टप्प्यात घासण्याची दिशा आधीच्या टप्प्याला काटकोनात ठेवतात, म्हणजे आधीच्या पेपरच्या सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की नाही हे लगेच दिसते. एकही टप्पा गाळला, तर राहिलेली रेघ थेट शेवटच्या चकाकीत वर येते. त्यानंतर सायझल या जाड वनस्पतितंतूच्या बफवर भरड पॉलिश आणि सुती कापडाच्या बफवर बारीक पॉलिश केले जाते. स्टीलसाठी बहुधा क्रोमियम ऑक्साइडची हिरवी कांडी वापरतात. सोन्याचांदीसाठी वापरली जाणारी तांबूस कांडी स्टीलवर फारशी चालत नाही.

या कामात खरी भीती उष्णतेची असते. स्टेनलेस स्टील उष्णता फार मंद वाहून नेते, ॲल्युमिनियमच्या तुलनेत तर दहाव्या भागाहूनही कमी, त्यामुळे बफ एकाच जागी थांबला की तेवढाच भाग तापतो, निळसर पडतो आणि पातळ पत्रा असेल तर कायमचा लहरी होतो. आमचा सल्ला असा की, मिरर फिनिशवरील वरवरच्या खुणांसाठी धातूचे तयार क्रीम पॉलिश मऊ सुती कापडाने लावून पाहावे आणि त्यापुढचे काम कारागिराला द्यावे.

टूथपेस्ट, राख, लिंबू यांनी ओरखडे जातात का?

जात नाहीत. टूथपेस्टमधील घासणारे कण इतके सौम्य असतात की त्यांनी मळ आणि तेलकटपणा निघतो, पृष्ठभाग उजळतो आणि ओरखडा गेल्याचा भास होतो. लिंबू, व्हिनेगर व चिंच डाग काढतात. ओरखडा हा डाग नव्हे. राखेची गोष्ट थोडी वेगळी आहे. चुलीच्या काळात चाळलेली राख आणि नारळाची शेंडी ही जोडी उत्तम होती, पण न चाळलेल्या राखेत वाळूचे कण असतात आणि जुन्या ताटांवर दिसणारे गोल गोल बारीक ओरखडे पुष्कळदा त्यांचेच असतात.

लोखंडी तारेची घासणी वापरावी का?

वापरू नये. तिचे सूक्ष्म तुकडे पृष्ठभागात अडकतात आणि ओलाव्याने गंजतात, मग घरची मंडळी स्टीलच गंजले म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात. हाच नियम यंत्रकामालाही लागू आहे. साध्या लोखंडी गेटवर वापरलेली डिस्क किंवा वायर ब्रश स्टेनलेस स्टीलवर कधीही लावू नये.

घासल्यावर स्टील गंजते का? पुन्हा एखादा थर द्यावा लागतो का?

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. हा थर काही नॅनोमीटरचा, माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, आणि तोच गंज अडवतो. घासल्याने तो निघतो हे खरे, पण स्वच्छ पृष्ठभागावर तो आपोआप पुन्हा तयार होतो. अट स्वच्छतेची आहे; पॉलिशचा मेणकट अंश, लोखंडाचे कण किंवा मिठाचे पाणी तेथे राहिले, तर थर नीट जमत नाही.

खात्री हवी असेल, तर ढोकळ्यात घालतो ते सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व, वापरता येते. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळवून, त्यात भिजवलेले सुती कापड घासलेल्या जागेवर वीस ते तीस मिनिटे पसरून ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. कारखान्यांतही या आम्लाने हीच प्रक्रिया, अर्थात अधिक काटेकोरपणे, केली जाते. शेजारी कडप्पा किंवा संगमरवर असेल, तर त्यावर हे पाणी सांडू देऊ नये. दोन्ही चुनखडीच्या कुळातले दगड असल्याने आम्लाने त्यांची चकाकी जाते. ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रवासोबत हे कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो.

भांड्याच्या तळाशी निळसर-सोनेरी छटा किंवा पांढरे ठिपके दिसतात, तेही घासून काढावेत का?

दोन्हींना घासण्याची गरज नाही. इंद्रधनुषी छटा रिकामे भांडे तापल्याने येते. उष्णतेने वर सांगितलेला थर जाड होतो आणि प्रकाश त्यातून रंगीत दिसतो. बोअरवेलच्या पाण्याने पडलेले पांढरे डाग क्षारांचे असतात. दोन्ही व्हिनेगरने किंवा पातळ सायट्रिक ॲसिडने जातात.

तळाशी बारीक टोचल्यासारखे खड्डे पडले असतील, तर मात्र ते मिठाचे काम आहे. थंड पाण्यात टाकलेले मीठ न विरघळता तळाशी बसते आणि त्यातील क्लोराइड तेवढ्याच जागी थर भेदते. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळले, तर हे टळते. पडलेले खड्डे घासून काढण्याच्या फंदात पडू नये.

भांड्यावर कोरलेले नाव काढता येते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर सर्वांत कमी आवडते. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला दिलेल्या भांड्यांवर दुकानातच यंत्राच्या थरथरणाऱ्या टोकदार सुईने नाव, प्रसंग आणि तारीख ठिपक्या-ठिपक्यांनी घातली जाते. प्रत्येक ठिपका हा एक छोटा खड्डा असतो आणि त्याच्या कडेला धातू किंचित वर आलेला असतो. नाव पुसायचे, तर तेवढ्या पट्ट्यातला पत्रा सर्वांत खोल ठिपक्याच्या तळापर्यंत उतरवावा लागेल. वाटी-तांब्याचा पत्रा आधीच पातळ असतो. तो तेथे आणखी पातळ होऊन हलक्या धक्क्यानेही दबेल. जाड पातेले किंवा पराती असेल, तर कारागीर हे करू शकतो, पण नाव गेले तरी त्या जागी तिरप्या उजेडात उथळ लाटेसारखा भाग दिसतो.

उलट गरजही पडते. जुन्या भांड्यांना बफिंग करून घ्यायला देताना नाव टिकवायचे असेल, तर तसे आधी सांगावे. सांगितले नाही, तर कारागीर सगळ्या भांड्यावर सारखाच बफ फिरवतो आणि आजीच्या नावातली अक्षरे अर्धी पुसट होऊन परत येतात. आमच्या मते नाव असू द्यावे. भिशीच्या जेवणात शेजाऱ्यांकडे गेलेले पातेले त्याच नावामुळे घरी परत येते.

आतून चरे पडलेल्या भांड्यात स्वयंपाक करणे सुरक्षित आहे का?

होय. नॉनस्टिकप्रमाणे येथे वेगळा लेप नसतो, त्यामुळे निघून अन्नात जाण्यासारखे काही नाही. आतून नव्याने पॉलिश केलेले भांडे मात्र गरम पाणी व साबणाने दोन-तीनदा धुवावे, एकदा त्यात पाणी उकळून ते फेकून द्यावे आणि मगच वापरावे, कारण पॉलिशच्या कांडीत मेण व घर्षक पूड असते. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी अशा भांड्यात सुरुवातीला आमटी, कढी किंवा टोमॅटोचे सार फार वेळ शिजवत ठेवू नये. आंबट पदार्थांत निकेल थोडे अधिक उतरते आणि काही वापरांनंतर ते प्रमाण घटते.

स्टीलच्या भांड्याला कल्हई करता येते का?

नाही, आणि गरजही नाही. कल्हई हा तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून दिलेला कथलाचा थर आहे.

कोकणात आणि गोव्यात जिन्याचे कठडे वर्षभरातच तपकिरी का होतात?

खारी हवा हे कारण आहे, पण निवडलेली स्टीलची प्रत (ग्रेड) हेही तितकेच मोठे कारण आहे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या २०० मालिकेतील, म्हणजे ‘दोनशे दोन’ वगैरे प्रतींमध्ये निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज घातलेले असते. ‘तीनशे चार’मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, तर ‘तीनशे सोळा’मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असते, आणि समुद्रकिनाऱ्यालगत शेवटची प्रतच खऱ्या अर्थाने टिकते. चुंबक लावून प्रत ओळखता येते हा समज अर्धवट आहे. २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातला फरक चुंबक सांगू शकत नाही.

पृष्ठभागाचा पोतही येथे महत्त्वाचा आहे. भरड रेघांत मीठ आणि ओलावा साठून राहतो, म्हणून किनाऱ्यावरील कठड्यांसाठी मॅटपेक्षा गुळगुळीत फिनिश चांगले आणि रेघा द्यायच्याच असतील तर त्या उभ्या असाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून जाते. तपकिरी डाग सायट्रिक ॲसिडने काढून कठडा गोड्या पाण्याने वरचेवर धुवावा.

नव्या इमारतींत, समुद्र शंभर कोस दूर असताना, कठडे गंजतात ते बहुधा फरशा धुण्याच्या ॲसिडमुळे. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्लाची नुसती वाफही पुरते. ताबा घेण्याआधी हे ॲसिड वापरले जाणारच असेल, तर संरक्षक निळी फिल्म तोवर काढू नये. मात्र उन्हात येणाऱ्या जागी ती महिनोन्‌महिने ठेवली, तर तिचा गोंद भाजून चिकटून बसतो. तसा गोंद थिनरच्या कापडाने निघतो, पात्याने खरवडू नये.

घरी ग्राइंडर (धातू कापण्या-घासण्याचे हातयंत्र) आहे, त्यावर बफ लावून काम करता येईल का?

अनुभव नसेल तर करू नये. साध्या ग्राइंडरचा वेग बफिंगसाठी फार जास्त असतो. सवय असेल, तर वेग कमी करता येणारे यंत्र घ्यावे, डोळ्यांवर गॉगल आणि नाकावर धुळीचा मास्क लावावा, कारण या धुळीत क्रोमियम व निकेल असते. सैल बाह्या, ओढणी आणि सुती हातमोजे फिरत्या बफमध्ये खेचले जातात. बफ वस्तूच्या धारेवर आतल्या दिशेने टेकवला, तर तो वस्तू हातातून हिसकावून फेकतो. तो नेहमी धारेवरून बाहेर जाईल असा धरावा.

कारागिराला काम देताना काय ठरवून घ्यावे?

कोणते फिनिश हवे ते शब्दांनी न सांगता नमुना दाखवून ठरवावे, कारण मॅट या एका शब्दाखाली प्रत्येक जण वेगळे काहीतरी समजतो. पेपर व डिस्क नवीन किंवा फक्त स्टेनलेससाठी राखलेली आहे ना, हे विचारावे. लिफ्टसारख्या मोठ्या पत्र्यावर डागापुरते काम न करता संपूर्ण पत्रा कडेपासून कडेपर्यंत करून घ्यावा. थोडे जास्त पैसे जातात, पण ठिगळ दिसत नाही. वेल्डिंगच्या जागेचा काळेपणा काढण्यासाठी वापरली जाणारी पेस्ट नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांची असते. ती घरात, मुलांच्या वावरात वापरू देऊ नये. काम रात्री ट्यूबलाइटखाली ताब्यात न घेता दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात पाहावे आणि राहिलेली रक्कम त्यानंतर द्यावी.